गोळ्यांचं रिकामं पाकीट

केराबाई प्रयोगशाळेच्या नळाखाली डोकं धरून उभी होती, आणि महिना डिसेंबरचा होता. मुलं मफलर गुंडाळून वर्गात बसली होती आणि ही बाई पदर खांद्यावरून सोडून मानेवर गार पाणी घेत होती.

"अगं, मरशील की थंडीनं!" मी म्हणाले. "काय झालंय तुला?"

तिनं नळ बंद केला, पदराने तोंड पुसलं आणि आधी दाराकडे बघितलं. कुणी नाही अशी खात्री झाल्यावर म्हणाली, "बाई, आग हुतीया सगळी. छातीपासनं वर चढतीया. दोन मिंटात घामानं पोलकं भिजतंय, आन मागनं हुडहुडी भरतीया. काय भूतबीत लागलंय का, कळंना झालंय."

मला हसू आलं. तिची चेष्टा करावी म्हणून नाही. वर्षभरापूर्वी मीही असंच वर्गातून उठून जिन्यात जाऊन उभी राहत होते आणि वहीनं वारा घेत होते.

"पाळी कधी गेली तुझी?"

"दोन वर्सं झाली की."

"मग भूत कसलं! हे सगळ्यांना होतं. कुणाला दाखवलंस?"

"आता ह्या वयात काय दाखवायचं, बाई? लाज वाटतीया. पर झोप न्हाई वो. रातभर उठबस. परवा दुपारच्याला बाकड्यावर जरा डोळा लागला आन घंटा चुकली."

घंटेची गोष्ट शाळेत सगळ्यांना माहीत होती. चौथ्या तासाची घंटा बारा मिनिटं उशिरा झाली होती आणि मुख्याध्यापकांनी केराबाईला लेखी नोटीस दिली होती. तीस वर्षांच्या नोकरीतली पहिली. तिची निवृत्ती सहा वर्षांवर होती आणि घरात कमावणारी ती एकटीच.

"दुसरी नोटीस आली म्हंजी काय करू, सांगा," ती म्हणाली.

केराबाई आमच्या शाळेतली शिपाई. विट्यात आमची शाळा जुनी, आणि पितळी घंटा सुरुवातीची, ती अजून हातानेच वाजवायची. ती माझ्यापेक्षा वर्षाने मोठी होती. तरी मी तिला 'अगं तू' म्हणायची आणि ती मला 'बाई, तुमी'. मी विज्ञान शिकवायची आणि ती माझ्या टेबलावर पाण्याचा तांब्या आणून ठेवायची. यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नाही.

माझी स्वतःची कथा अशी. पन्नासाव्या वर्षी गाठींमुळे माझी गर्भाची पिशवी काढली, बीजकोशांसकट. दुसऱ्याच महिन्यात अंगातून वाफा सुरू झाल्या. झोप उडाली, चिडचिड इतकी की एकदा चहात साखर कमी पडली म्हणून मी यजमानांसमोर कप आपटला होता. डॉक्टर होती मृण्मयी शेटे. माझीच विद्यार्थिनी. आठवीपासून दहावीपर्यंत माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसलेली. तिनं हार्मोनच्या गोळ्या सुरू केल्या. वाफा थांबल्या, पण डोकं असं ठणकायला लागलं की उजेड सहन होईना. तिनं गोळीची ताकद कमी केली, तशा वाफा परत आल्या. मग दुसऱ्या कंपनीची गोळी. मग एक दिवसाआड. असं करत करत वर्ष गेलं. शेवटी दंडावर चोळायचं जेल मिळालं आणि मला ते मानवलं. एकदाचा देव पावला असं मी चारचौघीत सांगत सुटले.

गोळ्यांची अडीच पाकिटं कपाटात शिल्लक राहिली होती.

आमच्या घरात काही वाया घालवत नाहीत. विरलेल्या साड्या, दिवाळीनंतर मऊ पडलेल्या चकल्या, रंग उडालेले पडदे, यजमानांचा जुना स्वेटर, सगळं केराबाईकडे जायचं. ती ते दोन्ही हातांनी घ्यायची आणि मला बरं वाटायचं. टाकण्यापेक्षा दिलेलं बरं, असं आमच्या सासूबाई म्हणायच्या.

दुसऱ्या दिवशी मी वर्तमानपत्रात गुंडाळून ती पाकिटं तिला दिली.

"रोज एक. रात्री जेवल्यावर. आठ दिवसांत फरक पडेल."

तिनं कागद उघडून बघितला. "डाक्टरीणबाईला एकदा इचारू का? त्या तुमच्या मृण्मयीला?"

हे तिनं विचारलं होतं. मी हे विसरू शकत नाही.

"त्या मृण्मयीला शिकवलं कुणी?" मी म्हणाले. "मी काय तुला विष देईन?"

"तसं न्हवं, बाई," ती वरमली. "तुमी म्हंता म्हंजी झालंच की."

आणि खरंच झालं. दहा-बारा दिवसांत तिचा चेहरा बदलला. घंटा मिनिटाला मिनिट होऊ लागली. एकदा मुख्याध्यापकच म्हणाले, "केराबाई, तुमच्या घंटेवर घड्याळ लावावं." ती माझ्याकडे बघून हसली. पाकिटं संपली तशी मी माझी जुनी चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये गेले. दुकानदार ओळखीचा, चिठ्ठीवर नाव माझं. त्यानं न विचारता दिली. मग दर महिन्याला मीच आणून द्यायला लागले. ती मला शेवग्याच्या शेंगा आणायची, तिच्या दारात झाड होतं. नको म्हटलं तर म्हणायची, "आवो, झाडाला भार झालाय, तुमी घ्या."

मार्चमध्ये महिला दिनाला शाळेत कार्यक्रम झाला. विषय मीच सुचवला होता, रजोनिवृत्ती. मृण्मयी प्रमुख पाहुणी. मी पंधरा मिनिटं बोलले. लाजू नका, अंगावर काढू नका, मोकळेपणाने बोला, डॉक्टरांकडे जा. टाळ्या पडल्या. केराबाई चहाचा ट्रे घेऊन दारात थांबली होती, आणि ट्रे हातात असल्यामुळे तिला टाळ्या वाजवता येत नव्हत्या, म्हणून ती नुसती मान डोलवत होती.

जुलैमध्ये ती पुन्हा प्रयोगशाळेत आली. दार लोटून घेतलं.

"बाई, परत लागलंया."

"काय लागलंय?"

"आवो, पाळी. दोन वर्सं सोडून. थोडं थोडंच, पर दिसतंय."

मी काय म्हणाले ते लिहिताना आज हात थांबतो. मी म्हणाले, "म्हातारपणी पालवी फुटली म्हणायची!"

ती तोंडाला पदर लावून हसली. मीही हसले. मग ती म्हणाली, "गोळी चालू ठिऊ?" आणि मी म्हणाले, "ठेव की. अंग सरावलं की थांबेल आपोआप."

ते थांबलं नाही. सप्टेंबरात एका दुपारी मधल्या सुट्टीची घंटा देऊन ती घंटेखालीच बसली, आणि उठली तेव्हा मागे साडीला डाग होता. मुली बघत होत्या. मी माझी शाल तिच्याभोवती गुंडाळली आणि रिक्षाने तिला मृण्मयीकडे नेलं. मृण्मयीनं गोळी बंद करायला सांगितली नाही, कारण गोळी चालू आहे हे तिला माहीतच नव्हतं. सोनोग्राफी झाली. आतला तुकडा तपासायला गेला. आठ दिवसांनी या, म्हणाली. त्या संध्याकाळी केराबाईनं मला गोळीचं विचारलं, आणि मी म्हणाले, "आता नको घेऊस." एवढंच बोलले.

त्या आठ दिवसांत केराबाईला भीती होती ती कॅन्सरची. मलाही. पण खरं सांगते, माझ्या भीतीत आणखी एक भीती मिसळलेली होती.

रिपोर्टच्या दिवशी रिक्षात ती म्हणाली, "बाई, गोळीचं सांगायचं का वो?"

"विचारलं तर बघू," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. हातात रुमालाची पुरचुंडी होती, ती तिनं घट्ट धरली.

मृण्मयी मला बघताच खुर्चीवरून उठली आणि वाकून नमस्कार केला. ती नेहमीच करायची, पेशंट बसलेले असले तरी. "बाई, तुम्ही सोबत आलात ते फार बरं झालं," ती म्हणाली. "मावशींना तुम्ही नीट समजावाल."

आम्ही दोघी तिच्यासमोर शेजारी बसलो. तिनं कागद उघडला.

"मावशी, पहिलं सांगते. कॅन्सर नाही."

केराबाईनं रुमालासकट दोन्ही हात जोडले आणि कपाळाला लावले. माझ्याही अंगावरचं ओझं उतरलं.

"पण पिशवीच्या आतलं अस्तर फार जाड झालंय," मृण्मयी म्हणाली. "असंच राहू दिलं तर पुढं वाईट वळण लागू शकतं. आता मी एक विचारते, नीट आठवून सांगा. गेल्या वर्षभरात कसली गोळी घेतलीत का? गरम वाफांसाठी वगैरे?"

केराबाईनं पुरचुंडी मांडीवर घेतली.

"हे मी उगाच विचारत नाही. गोळीमुळे झालं असेल तर गोळी बंद करून, दुसरं औषध देऊन चार-सहा महिने वाट बघता येते. बहुतेक वेळा अस्तर पूर्ववत होतं, पिशवी वाचते. पण काही कारण नसताना या वयात असं वाढलं असेल, तर मी धोका घेणार नाही. ऑपरेशन करून पिशवी काढावी लागेल." मग ती माझ्याकडे वळली. "बाई, तुम्हाला आठवत असेल. तुम्हाला मी म्हटलं होतं ना, तुमची पिशवी नाही म्हणून तुम्हाला एकच हार्मोन पुरे. जिची पिशवी आहे तिला सोबत दुसरं द्यावंच लागतं, नाहीतर अस्तर वाढत जातं. मी तुम्हाला आकृतीसुद्धा काढून दाखवली होती."

मला आठवलं. सगळं आठवलं. तिनं माझ्या चिठ्ठीच्या मागच्या बाजूला पेनानं पिशवी काढली होती, आत अस्तराची रेघ, एकदा बारीक आणि एकदा जाड, आणि खाली दोन बाण. मी चष्मा लावून बघितलं होतं आणि म्हणाले होते, "वा, आकृती अजून सुबक काढतेस गं!" ती लहान मुलीसारखी लाजली होती.

आणि मी आठ महिने मेडिकलमध्ये जी चिठ्ठी दाखवत होते, ती हीच. मागच्या बाजूला ती आकृती होती. त्या वेळी ती चिठ्ठी माझ्या पर्समध्ये, मांडीवर होती.

मला माहीत नव्हतं असं नाही. मला सांगितलेलं होतं. मी ऐकलं होतं आणि आकृतीला शाबासकी दिली होती.

"सांगा मावशी," मृण्मयी म्हणाली. "घाबरू नका. कुणी दिली असेल तरी सांगा. मेडिकलवाले देतात काही काही, मी कुणाला रागावणार नाही. पाकीट असेल तर दाखवा."

केराबाईचा हात मांडीवर होता. पुरचुंडीची गाठ तिनं सैल केली होती. रुमालाच्या घडीतून चंदेरी कागदाची कड दिसत होती. तिनं शेवटचं पाकीट जपून आणलं होतं, विचारलं तर द्यायला. आणि ती माझ्याकडे बघत होती.

मी भिंतीकडे बघितलं. तिथं एक कॅलेंडर होतं. मी त्यावरचे वार वाचले.

ती किती वेळ थांबली कोण जाणे. माझ्या हिशेबी एक तासिका गेली. ती थांबली होती मी बोलेन म्हणून. माझं नाव तिनं घ्यायचं नव्हतं, ते मी घ्यायचं होतं. एवढी साधी गोष्ट मला तेव्हाही कळत होती.

"न्हाई," केराबाई म्हणाली. रुमालाची मूठ मिटली. "कसलीबी गोळी घेतली न्हाई म्या."

"नक्की?"

"व्हय."

मृण्मयीनं माझ्याकडे बघितलं. "बाई, तुमच्या कानावर काही?"

"मला नाही वाटत," मी म्हणाले. आवाज अगदी वर्गातल्यासारखा स्पष्ट आला.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. ही म्हण मी मराठीच्या बदली तासाला मुलांना वाक्यात उपयोग करायला दिलेली आहे.

परत येताना रिक्षात मीच बोलत होते. ऑपरेशन आता सोपं असतं, दिवाळीच्या सुट्टीत करून घे, रजाही वाचेल, आणि आता त्या पिशवीचा उपयोग तरी काय. ती ऐकत होती. स्टँडच्या चौकात रिक्षा थांबली तेव्हा म्हणाली, "तुमच्या इद्यार्थिनीम्होरं तुमची मान खाली कशाला, बाई."

मी पर्समध्ये सुट्टे पैसे शोधू लागले. तिचे उपकार मानायचे तरी कबुली दिल्यासारखं झालं असतं.

दिवाळीच्या सुट्टीत ऑपरेशन झालं. मी नऊ दिवस दोन्ही वेळचा डबा नेला. मऊ भात, मुगाचं वरण, दुधीची भाजी. दवाखान्यातल्या नर्स म्हणाल्या, शाळेतल्या बाई असाव्यात तर अशा. सुट्टीनंतर मुख्याध्यापकांनी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. मी "त्यात काय एवढं" असं म्हणाले. तेही गिळलं.

काढलेल्या पिशवीचा रिपोर्ट चांगला आला. काही नव्हतं. जानेवारीत केराबाई कामावर रुजू झाली. जड उचलायला मनाई होती, म्हणून पाण्याचं पिंप दुसरं कुणी भरायचं, पण घंटा तिनं सोडली नाही.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी मी प्रयोगशाळेत दहावीच्या वह्या तपासत होते. ती आली. टेबलावर तांब्या ठेवला. नेहमीसारखी लगेच गेली नाही.

"वाफा परत सुरू झाल्यात," ती म्हणाली. "आदीपेक्षा जास्ती. बीजकोश बी काढलं न्हवं का. मृण्मयीबाईकडं जाऊन आले."

"बरं केलंस. काय म्हणाली?"

"गोळी दिली. म्हनाली, मावशी, आता तुमची पिशवी न्हाई, तवा ही एकटी चालती."

तिनं कमरेची पिशवी सोडली आणि नवं पाकीट माझ्यासमोर वहीवर ठेवलं. मग रुमाल काढला. त्यातून ते रिकामं पाकीट काढलं, दहा गोळ्यांच्या दहा फुटलेल्या खळग्यांचं, आणि नव्याच्या शेजारी सरळ लावून ठेवलं.

"मला इंग्रजी येत न्हाई," ती म्हणाली. "पर तीस वर्सं खडूच्या पेट्या, पेपरचं गठ्ठं लावलं. अक्षरांचं आकार कळत्यात. मला दोन्हींचं सारकंच दिसतंय. तुमी वाचून सांगा. एकच हाय का?"

मी चष्मा पुसला. वाचायची गरज नव्हती. नाव तेच होतं. खालचा आकडा तोच. कंपनीसुद्धा तीच.

केराबाईला मला अडकवायचं नव्हतं, भांडायचंही नव्हतं. तिनं मला आणखी एक संधी दिली होती. या वेळी खोलीत मृण्मयी नव्हती, कुणीच नव्हतं. हो म्हटलं असतं तर तिच्याशिवाय कुणाला कळणार नव्हतं, आणि तिला तर कळलेलंच होतं.

"सारखी दिसते," मी म्हणाले. "पण वेगळी आहे."

ती पाकिटांकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

"व्हय?"

"हो. वेगळी आहे."

"मंग तसंच आसंल," ती म्हणाली. "तुमी शिकल्याल्या."

तिनं नवं पाकीट उचलून कमरेच्या पिशवीत टाकलं. रिकामं उचललं नाही. ते बोटानं माझ्याकडे सरकवलं.

"ही तुमची हाय, बाई. ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी."

मग ती गेली आणि दोन मिनिटांनी सहाव्या तासाची घंटा झाली, वेळेवर.

त्यानंतर ती जवळजवळ पाच वर्षं शाळेत होती. तांब्या रोज येत राहिला. कोणाच्या दुखण्याखुपण्याचं, कागदावर काय लिहिलंय त्याचं, तिनं मला पुन्हा कधी काही विचारलं नाही. शेवग्याच्या शेंगा आल्या नाहीत. पुढच्या दिवाळीला मी तिच्यापुढे एक साडी धरली, नवी, घडी न मोडलेली, तेव्हा ती म्हणाली, "नगं बाई, हायत मला."

मृण्मयी आजही मला बघून वाकून नमस्कार करते. प्रत्येक वेळी वाटतं, आता सांगावं. तिचा हात माझ्या पायाला लागेपर्यंत मी गप्प राहते, आणि मग तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणते, "सुखी राहा."